बाज ओढायचे दिवस

होळी जळली की लाखांदुरातल्या बाजा घराबाहेर येतात. पहाटे अजून गारवा असतो, पण दुपारी सपरीत बसवत नाही, कौलं तापतात, आणि रात्री आत निजायचं म्हटलं तर जीव गुदमरतो. मग एकेका अंगणात बाज पडते. पुढे मृग लागेपर्यंत ती बहुतेक बाहेरच असते. सकाळचा चहा तिच्यावर होतो. उन्हं चढली की तिच्यावर जुनं लुगडं अंथरून पापड, कुरड्या, सरगुंडे वाळत पडतात. भर दुपारी तिच्याखालच्या सावलीत कोंबड्या माती उकरून बसतात, संध्याकाळी गल्लीतलं कोणीही येऊन टेकतं, आणि रात्री घरातलं जे माणूस सगळ्यात दमलेलं असेल ते तिच्यावर आडवं होतं.

घराबाहेरच्या सामानाची निगा हा विषय निघाला की मासिकांत बागेतल्या वेताच्या खुर्च्या येतात, गच्चीवरचे झोपाळे येतात, त्यांना लावायची पॉलिश येते. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते जरूर सांभाळावं. पण भंडारा जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या धानपट्ट्यात, उघड्यावरचं सामान म्हणजे बाज. तिची निगा राखणं ही एक पूर्ण विद्या आहे. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि ती हातात असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. म्हणून मी हे लिहायला बसले.

चार खूर म्हणजे पाय, चार गाती म्हणजे दांडे आणि मध्ये दोराची वीण, एवढाच तिचा पसारा. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात फिरला, तेव्हा इथल्या खाटांची त्याने मुद्दाम नोंद केली. एकटा माणूस उचलून नेईल इतकी हलकी, चार निमुळते पाय, त्यांवर चार दांडे, मध्ये रेशमी किंवा सुती पट्ट्यांचं विणकाम, आणि निजणाऱ्याला अंगाखाली आणखी काही घ्यायची गरज नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सहाशेहून जास्त वर्षं झाली. रेशीम आमच्या वाट्याला कधी आलं नाही, एवढा फरक सोडला तर हे वर्णन आजही माझ्या अंगणाला लागू पडतं.

बाज वापरली की ढिली पडते, आणि ती ढिली पडणार हे धरूनच तिची रचना केलेली असते. उशाकडून विणत आणलेली वीण पायथ्याच्या गात्यापर्यंत नेत नाहीत. हातभर अलीकडेच एका जाड आडव्या दोरावर ती संपवतात, आणि तो आडवा दोर व पायथ्याचं गातं यांच्यामध्ये मोकळ्या दोरीचे वेढे घालतात. वीण सैल झाली की फक्त हे वेढे ओढायचे, बाकी बाजेला हात लावायचं कारण नाही. ज्या कोणी ही युक्ती पहिल्यांदा काढली त्याला दोर लांबतो हे पक्कं ठाऊक होतं. त्याने न लांबणारा दोर शोधण्यात जन्म घालवला नाही. दर हंगामाला घरातल्या कोणीतरी घटकाभर बाजेपाशी बसावं, अशी सोय करून ठेवली.

माझे बाबा बाज ओढायला बसत तेव्हा आम्हा पोरांना जवळ उभं राहायची परवानगी असे, हात लावायची नसे. पायथ्याच्या गात्याला ते तळपाय टेकवत, पहिला वेढा दोन्ही हातांनी धरत आणि सगळं अंग मागे टाकत. दोर कर्र करून ओरडे. सुटलेला दोर पुढच्या वेढ्यात, तिथला त्याच्या पुढच्यात, असं करत करत दुसऱ्या टोकाला येईपर्यंत बराच दोर हातात उरलेला असे. तो कापायचा नाही. गात्याभोवती गुंडाळून ठेवायचा, कारण उद्या एखादा वेढा तुटला तर तोच कामी येतो. मग पुन्हा पहिल्या टोकापासून दुसरी फेरी. सगळा ताण एकाच फेरीत दिला तर चौकट तिरपी होते आणि एक खूर अधांतरी राहतो. अशी बाज सरळ करायची तर सगळे वेढे सैल करून, उचललेल्या कोपऱ्यावर कोणाला तरी बसवून, उलट्या टोकापासून पुन्हा ओढत यावं लागतं. त्या कोपऱ्यावर बसायचा मान माझा असे, कारण मी थोरली. काम झालं की बाबा विणीवर तळहात थापटत आणि कान देत. आवाज भरीव आला की उठत, बद्द आला की तिसरी फेरी.

दोर त्या काळी घरचाच असे. बांधीच्या धुऱ्यावर अंबाडी पेरलेली असायची. पानांची भाजी खाऊन झाली, बोंडांची आंबट चटणी झाली की उरलेल्या उंच काड्यांच्या पेंढ्या बांधून बोडीच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. काही दिवसांत त्या सडत, त्यांचा वास पार पाणंदीपर्यंत येई. मग साल सोलायची, पाण्यात आपटून धुवायची, उन्हात टाकायची. उरतो तो पांढुरका वाक. ढेऱ्यावर त्याला पीळ देत म्हातारी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसलेली असत. रानात जाणारे पळसाच्या मुळांची साल ठेचून तिचाही दोर करत. तो रंगाने तांबूस असतो आणि पाण्याला चांगलाच टिकतो.

अंबाडीच्या दोराचा एक गुण बाज सांभाळणाऱ्याला माहीत असावाच लागतो. ओला झाला की हा दोर आखडतो. तंतू पाणी पिऊन जाड होतात, त्यांच्याभोवतीचा पीळ त्यामुळे जास्त लांबी खातो, आणि दोर तुकड्यागणिक आखूड होतो. वैशाखात रात्री निजायच्या आधी बाजेवर तांब्याभर पाणी शिंपडायची रीत आहे. त्याने अंगाला गार लागतं हे तर आहेच, पण वीणही ताठ होते. मात्र हाच गुण पावसात उलटतो. कडक ओढलेली बाज वळवाच्या सरीत बाहेर राहिली की दोर इतका आखडतो की सांधे कुरकुरतात, एखादं जुनं गातं तडकतं. म्हणून आभाळ भरून आलं की आई ओरडायची, "बाज आत घ्या नाही तर ढिली करा!" लहानपणी मला या दोन्ही गोष्टी एकाच दमात कशा सांगते ते कळायचं नाही. पाऊस अंगणात पोचायच्या आत बाज दारातून नेता आली नाही तर निदान पायथ्याची गाठ सोडून ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

आता ढेकणांविषयी लिहिलं पाहिजे. ढेकणांना वगळून बाजेच्या निगेबद्दल बोलणं खोटं होईल. खूर आणि गातं जिथे मिळतं त्या भोकात, विणीच्या गाठीत, दोराच्या पिळात ढेकूण राहतो. दिवसा दिसत नाही. वैशाखाच्या भर दुपारी बाज भर उन्हात आणून तिचा एकेक खूर जमिनीवर आपटायचा. ऊन इतकं की अनवाणी पाय ठरत नाही. आपटलं की तांबडे ठिपके मातीवर पडतात आणि सावलीकडे पळत सुटतात. पोरं दगडाने चिरडत, कोंबड्या टिपत. उग्र, आंबूस वास सुटे. तो वास ज्याने घेतला आहे तो जन्मभर विसरत नाही.

पण उन्हाने काम अर्धंच होतं. पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी मरतात, हे आता शास्त्राने मोजून ठेवलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या आसपास जाते आणि उन्हात ठेवलेलं लाकूड त्याहून तापतं. तरी भोकाच्या आतलं लाकूड तेवढं तापत नाही, आणि ढेकूण नेमका तिथेच सरकतो. म्हणून चुलीवर आधण ठेवलेलं असे. आई किटलीच्या नळीने उकळतं पाणी थेट सांध्यात सोडायची, एकेका खुराला दोनदा. पहिल्यांदा आतले बाहेर येतात, दुसऱ्यांदा अंडी मरतात. नंतर रॉकेलचा बोळा त्या भोकाभोवती फिरवायचा. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीची फवारणी गावोगाव पोचली. फवारणीवाले भिंती पांढुरक्या करून जात. पहिल्या वर्षांत त्याने डासांबरोबर ढेकूणही मेले, आणि म्हणून जुनी माणसं फवारणीवाल्यांना आनंदाने घरात घेत. पुढे ढेकणांना ते औषध पचू लागलं. जगभर हेच झालं. किटलीतल्या आधणाला मात्र कोणताही ढेकूण सरावला नाही.

लाकडाची निगा दोरापेक्षा सोपी, पण तिच्यात लोक नेमकं एकच ठिकाण विसरतात. गाती सागाची असली तर फारसं काही लागत नाही. सागाच्या अंगातच तेल असतं आणि उधई त्याच्या नादी सहसा लागत नाही. खूर पुष्कळदा बाभळीचे किंवा जे मिळेल त्या लाकडाचे. त्या खुराचा जमिनीला टेकणारा भाग म्हणजे लाकडाचा आडवा काप, जिथे झाडाच्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडलेली असतात. त्या तोंडांतून लाकूड जेवढं पाणी पितं तेवढं बाजूंनी कधीच पीत नाही. सारवलेलं अंगण, सकाळचा सडा, पावसाची ओल, सगळं तिथून वर चढतं. बाज कुजते ती खालून. म्हणून खुराचा तळ डांबराने, नाही तर बिब्ब्याच्या तेलाने बंद करायचा आणि बाज चार चपट्या दगडांवर ठेवायची. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, तेव्हा ते लावताना हातांना गोडं तेल चोपडून घ्यायचं आणि पोरांना लांब ठेवायचं.

वरच्या लाकडाला जवसाचं तेल. धान कापायच्या आधीच उभ्या बांधीत, चिखलाच्या ओलीवर लाखोरी आणि जवस फेकून पेरायची आमच्या भागातली जुनी पद्धत आहे. तिला उतेरा म्हणतात. त्यामुळे जवसाचं तेल घरात असायचंच, चटणीलाही आणि बाजेलाही. हे तेल हवेने सुकून लाकडावर पातळ कातडीसारखं धरतं, खोबऱ्याचं किंवा शेंगदाण्याचं तेल तसं धरत नाही, नुसतं चिकट राहून धूळ ओढतं. जवसाचं तेल थोडं गरम करून चिंधीने घासायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसून काढायचं. आणि ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही. तेल सुकताना तापतं, गोळ्यात उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती दोरीवर पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची. तणशीच्या ढिगाशेजारी बसून हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

एवढी मशागत कशासाठी, तर रात्रीसाठी. वैशाखाच्या रात्री बाजेवर उताणं पडलं की उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. आमच्याकडे त्यांतले चौकोन करणारे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे तीन चोर. गोंडांमध्ये ही गोष्ट फार जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी विदर्भातल्या गोंड गावांतून आकाशाच्या कल्पना गोळा करत फिरले, तेव्हा त्यांनाही ही बाज भेटली. २०१३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ध्रुवाभोवती सात ऋषी पाहणाऱ्यांनी खुशाल पाहावेत. ज्या माणसाच्या पाठीखाली बाज आहे आणि जो दिवसभर ती वाळवून, ओढून दमला आहे, त्याला वर बाजच दिसावी आणि ती कोणी चोरून नेईल याचीच काळजी वाटावी, हे मला अगदी पटतं.

पण बाजेविषयी माझ्या मनात केवळ गोडवाच आहे असं नाही. बाज हे बसायचं ठिकाण आहे, आणि जिथे बसायचं ठिकाण असतं तिथे कोणी बसावं आणि कोणी नाही हा प्रश्नही असतो. लग्न होऊन मी लाखांदुरात आले तेव्हा अंगणात मोठी बाज होती. मामाजी, म्हणजे सासरे, तिच्यावर बसत, त्यांच्याकडे येणारे बसत. सून वडीलधाऱ्यांसमोर बाजेवर बसत नसे. सकाळी बाज बाहेर आणायची ती सुनेने, पुसायची तिनेच, गोधड्या उन्हं दाखवायला तिच्यावर टाकायच्या आणि दुपारी उलटायच्या, सांध्यांत आधण सोडायचं, पावसाआधी आत न्यायची, हे सगळं सुनेने. बसायला तिला ओट्याची कड. स्त्रीच्या हक्काची बाज एकच, बाळंतिणीची. तिच्याखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, आणि काही दिवस कोणी तिला उठवत नसे. बाळंतपण सरलं की तीच बाज धुऊन, उन्हात टाकून, पुन्हा पुरुषांची होई.

आणि हे घरापुरतंच नव्हतं. गावाच्या कडेला राहणाऱ्या जुन्या माणसांकडून मी ऐकलं आहे की गावातलं मोठं माणूस वाटेने जाताना दिसलं की त्यांना आपल्याच अंगणात, आपल्याच बाजेवरून उठून उभं राहावं लागे. दुसऱ्याच्या अंगणात गेलं तर बसायला जमीन, मग ती बाज त्यांनीच विणून दिलेली का असेना. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघाच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर लोक आपल्या बाजेवरून उठेनासे झाले, असं ही माणसं सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. मला वाटतं, या जिल्ह्यात घडलेल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे. बाज झिजते ती बसण्याने; तेव्हा तिची निगा राखणाऱ्या हातांना बसण्याचा हक्क आधी असायला हवा होता.

आमच्या घरी हे एका दुपारी बदललं. मामाजी गेल्याला बरेच महिने झाले होते. बाज अंगणात होती, तिच्यावर मामीजी बसल्या होत्या, मी तांदूळ निवडायला सूप घेऊन ओट्याच्या कडेला टेकत होते. त्या म्हणाल्या, "तिकडे काहून बसते वो? इकडे ये ना." आणि सरकल्या. त्यावर आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही. सूप मध्ये ठेवलं आणि तांदूळ निवडले.

वर्षातून दुसऱ्यांदा बाज ओढली जाते ती दिवाळीच्या आधी. पाऊस संपलेला असतो, वीण सैल झालेली असते, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होते. वडशाच्या नाटक मंडळ्या निघतात, गावात रात्रभर नाटक असतं, आणि ज्याच्या गावी मंडई त्याच्या घरी पाहुण्यांची रीघ. लेकी-जावई, त्यांची पोरं, पोरांचे मित्र. पहाटे नाटक सुटल्यावर या सगळ्यांना पाठ टेकायला जागा लागते. गल्लीतल्या बाजा या घरातून त्या घरात जातात. ओळखायला गात्याच्या आतल्या बाजूला कोयत्याची खूण केलेली असते. ज्या घरची बाज ढिली, त्या घरची चर्चा पाहुण्यांत होते, म्हणून त्या आठवड्यात अंगणाअंगणांतून दोर ओढल्याचे आवाज येतात.

मधला सगळा पावसाळा बाज भिंतीला असते, आणि नदीकाठच्या गावांत माणसांचं लक्ष पाण्याकडे. वर गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे, त्याच्याही वर मध्य प्रदेशातलं संजय सरोवर. २०२० च्या ऑगस्टअखेर वरून पाणी सुटलं आणि वैनगंगेने काठ सोडला. आमच्या तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी घरांत शिरलं. लोकांनी धान्याची पोती बाजेवर रचली, बाज विटांवर चढवली, आणि तरी पाणी वर आलं तिथे बाज सोडून माणसं निघाली. पाणी उतरल्यावर मी एका ओळखीच्या घरी गेले होते. अंगणात बाज आडवी पडलेली, विणीच्या प्रत्येक चौकटीत करड्या गाळाची वडी थापल्यासारखी बसलेली.

पुरातून निघालेली बाज धुवायची रीत वेगळी आहे. गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की तो दोराच्या पिळात दगड होतो आणि बसणाऱ्याच्या वजनाने दोर आतून कापत राहतो. ओला असतानाच, बाज तिरपी टेकवून, वरून खाली पाणी सोडत राहायचं, खराट्याने घासायचं नाही. दोर अंबाडीचा असेल आणि दोन-चार दिवस बुडालेला असेल तर मोह सोडून कापून टाकावा. बाहेरून धड दिसला तरी आतला वाक कुजलेला असतो आणि त्याचा वास कधी जात नाही. चौकट मात्र वाचते. ती उन्हात न टाकता सावलीत, वारा लागेल अशी, उलटी करून वाळवायची. फुगलेलं लाकूड एकदम उन्हात गेलं तर वरची कातडी आधी आकसते आणि लांब भेगा पडतात. एरवी आमच्याकडे बाज उलटी करून ठेवणं अशुभ मानतात. पुराच्या त्या आठवड्यात सगळ्या गावाच्या बाजा उलट्या होत्या आणि कोणाच्या तोंडून त्याविषयी शब्द निघाला नाही.

त्या घरी नायलॉनच्या दोराची एक बाजही होती. ती नुसत्या पाण्याने स्वच्छ झाली आणि रात्री वापरात आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नव्या वस्तूंना नावं ठेवणं सोपं असतं. बाजारात नायलॉन म्हणून मिळणारे हे रंगीत दोर पाण्यात सडत नाहीत, त्यांत ढेकूण राहत नाही म्हणणार नाही पण कमी राहतो, आणि अंबाडी सडवायला आता कोणाला वेळ आहे? त्यांचा शत्रू ऊन. वर्षभर उन्हात राहिलेला दोर हाताने चोळून पाहा, बारीक काचेसारखी कुसळं सुटतात आणि अंगाला टोचतात. असा दोर पुढे एकदम तुटतो, अंबाडीसारखा आधी सैल पडून सांगत नाही. तेव्हा नायलॉनची बाज दुपारी सावलीत सरकवावी आणि कुसळं सुटू लागली की दोर बदलावा.

प्लास्टिकच्या खुर्चीची गोष्ट निराळी. १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने याने एका साच्यातून अखंड निघणारी खुर्ची बाजारात आणली, आणि पन्नास वर्षांत तिची भावंडं जगातल्या बहुतेक अंगणांत पोचली. आमच्याही. लग्नाला, तेरवीला, ग्रामसभेला त्याच. ती धुता येते, इतकी सहज की तिच्यावर काही संस्कार करावेसे वाटत नाहीत. राखेने किंवा वाळूने मात्र घासू नये, ओरखड्यांत मळ बसतो आणि मग निघत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. पण तिला ओढता येत नाही. उन्हाने ती पांढरी, भुकटी पडल्यासारखी होते, आणि एक दिवस पाय फाकून बसते. तरीही इथली माणसं हार मानत नाहीत. तुटलेल्या पाठीला दोन्हीकडे तापल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने टाके घातलेली खुर्ची मी किती तरी दारांत पाहिली आहे. तो टाका पाहिला की मला बाबांच्या हातातला वेढा आठवतो. ज्या माणसांना दुरुस्तीची सवय आहे, ती दुरुस्तीची सोय नसलेल्या वस्तूलाही सोय करून देतात. रस्त्याकडेच्या सिमेंटच्या बाकांच्या नशिबी तेवढंही नाही. ते कोणा एकाच्या अंगणात नसल्याने त्यांना धुणारं कोणी नाही, आणि दुपारी तापल्यावर बसणारंही.

आता लाखांदुरात जी नवी बाज दिसते ती लोखंडी नळीची. वेल्डिंगवाला चौकट करून देतो, वर नायलॉनची पट्टी. जुनी माणसं तिला बाज म्हणायला तयार नसतात. मी म्हणते. पायथ्याला ओढायचे वेढे ठेवलेले असले तर ती बाजच, आणि वेल्डिंगवाल्याकडून ते ठेवून घ्या, पट्टी दोन्हीकडे ताणून बांधू देऊ नका. नळी आतून गंजते हे लक्षात असू द्या. पायांना घातलेल्या रबरी बुचांत पाणी साठतं, लोखंड तिथून पोखरतं आणि बाहेरचा रंग धड असतानाच पाय बसतो. पाऊस संपला की बुचं काढा, बाज उलटी करून पाणी झटका, दोन दिवस तशीच राहू द्या. वेल्डिंगच्या सांध्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून आधी रेडऑक्साइड लावा, ते वाळल्यावर रंग. उलट्या बाजेकडे पाहून शेजारची कोणी म्हातारी काही म्हणालीच, तर तिला बसायला बोलवा आणि ओढताना विणीवर हात थापटून दाखवायला सांगा. कोणता आवाज भरीव आणि कोणता बद्द, ते तिला ठाऊक असतं.